उभ्या केळीत ड्रिपची चारी काढायला हाताचं अवजार बनवलंय, खोड्या (उणिवा) काढा

तापीकाठचा

मंडळी, उभ्या बागेत सबमेन (ड्रिपच्या नळ्यांना पाणी पुरवणारा जमिनीतला पाइप) फुटली की काय हाल होतात ते रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको. पाच बाय पाचची लागण, पानं एकमेकांत गेलेली. ट्रॅक्टर आत शिरत नाही, जेसीबीचं नावच नको. मग टिकाव-फावडं देऊन दोन माणसं लावायची. फावड्याचं पातं नऊ इंची, त्यामुळे चारी तेवढी होणारच, काठ ढासळले की वर फूटभर. आणि आत टाकायचा पाइप किती? ६३ मिलिमीटर. अडीच इंची पाइपासाठी फूटभर रुंद खड्डा! केळीची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभर थरातच असतात, ती दोन्ही अंगांनी तुटतात. निसवणीच्या (घड बाहेर पडायच्या) टायमाला हे झालं की घडावर दिसतंच.

म्हणून हे बनवलं. फोटो टाकलेत, तरी लिहितो. नग दोन आहेत.

पहिला पात्याचा. ट्रॅक्टरच्या हॅरोचा जुना तवा (माती फोडायची गोल तबकडी) गॅसने कापून त्यातून साडेपाच इंच रुंद, चौदा इंच लांब पट्टी काढली. दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच पुढे वळवून कान काढले, म्हणजे राहिली साडेचार इंच. खालच्या तोंडाला चार. मधे उभ्या दोन खाचा पाडल्या. वर उजव्या अंगाला पाय द्यायला चौरस सळईचा तुकडा. दांडा धावड्याच्या लाकडाचा.

दुसरी उपसणी. बोअरमधून निघालेला तीन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप फूटभर लांब कापून उभा चिरला. त्या अर्ध्या नळीचं पुढचं तोंड ग्राइंडरने धारदार केलं आणि मानेला बाक देऊन लांब दांडा बसवला. काठावर उभं राहून आपल्याकडे ओढायची. माती नळीत भरते, वर उचलून बाजूला टाकायची. चारीत पाय घालायचं कामच नाही.

खरं डोकं गेलं ते या दुसऱ्या नगात. अरुंद पात्याने माती कापणं कुणालाही जमेल. पण कापलेली माती साडेचार इंचाच्या फटीतून दीड फुटावरून वर काढायची कशाने? फावडं आत जात नाही, हात घालून उकरत बसावं लागतं. बाजारात अरुंद फावडी मिळतात, पण लोक दोन दिवस वापरतात आणि कोपऱ्यात फेकतात, ते याच्यामुळेच.

तर बघा, खोड्या काढा. आणि पेटंटबिटंटचं कुणाला कळत असेल तर तेही सांगा.

---

केळीबागवाला

जबरी काम दादा. एकच शंका. आमची तापीथडीची माती काळी कुळकुळीत, चिकण. फावड्याला बसली की दर चार घावांनी काडीने खरडावं लागतं. तुमच्या पात्याला तर कान आहेत, त्यात तर ती घट्टच बसणार. त्या खाचांनी खरंच फरक पडतो का?

---

अहिरमाणूस

भाऊ, काम ते एक नंबर करं तुम्ही. मन्हा बाप जिंदगीभर टिकाव मारी मारी थकी गया, तेले हाई दखाडस.

---

तापीकाठचा

@अहिरमाणूस, बाबांना नक्की दाखवा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा. त्यांचं मत आपल्या सगळ्यांपेक्षा वजनाचं.

@केळीबागवाला, खाचांनी फरक पडतो, पण सगळं काम खाचा करत नाहीत. चिकण मातीत पात्यावर माती जेवढ्या जागेला टेकते तेवढी ती धरून ठेवते. खाच पाडली की टेकायची जागा कमी झाली, शिवाय मागून हवा शिरते. त्यामुळे झटका दिला की वडी सुटते. पण मुख्य गोष्ट वाफसा. पाणी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठलंही अवजार घेऊन या, चिखलच होणार. दोन-तीन दिवस थांबून माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की फुटतो, तेव्हा लावा. त्या वेळी माती खरवसाच्या वडीसारखी सपाट कापली जाते, कापलेली बाजू चकाकते सुद्धा. सोबत पाण्याची बादली ठेवायची आणि पातं अधूनमधून बुडवायचं. ओलं लोखंड सोडतं, कोरडं धरतं.

मे महिन्यात मात्र भेगाळलेल्या रानात हे चालणार नाही. तिथे आधी पहार.

---

भाता_ऐरण

आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकाम, आता फॅब्रिकेशन. फोटो मोठे करून बघितले.

तव्याचं लोखंड निवडलं ते चांगलं केलं. हॅरोचा तवा पोलादीच असतो, चार-पाच मिलिमीटर जाडीचा, आणि मुळातच थोडा खोलगट. कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) घेतला असता तर जाडीमुळे पातंच तीन किलोच्या घरात गेलं असतं. हे माझ्या हिशोबाने दीड किलोच्या आसपास बसतंय.

पण दोन गोष्टी. गॅसने कापलं की कडेचं पाणी (कडकपणा) जातं, कड मऊ पडते. तुमच्या फोटोत खालच्या तोंडाला धार मुडपलेली दिसतेय, ती त्यामुळेच. कापल्यावर कडेचा दोन-तीन मिलिमीटर भाग ग्राइंडरने उडवा आणि मग नुसत्या तोंडाला परत पाणी द्या. लालबुंद झालं की तेलात बुडवायचं, पाण्यात नको. या पोलादाला पाण्यात तडे जातात. मग पॉलिश पेपरने एक पट्टा चकचकीत घासा आणि मागच्या बाजूने हळूहळू शेक द्या. आधी गव्हाळ रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. गव्हाळवर थांबलात तर धार कडक राहील, पण दगडावर आपटली की टवका उडेल. मातीच्या अवजाराला जांभळा संपून निळा सुरू होतो तिथे थांबायचं.

दुसरं म्हणजे दांड्याची खोबण तुम्ही पात्याला वेल्डिंग केलीय. वेल्डिंगच्या टाक्याला लागून असलेलं पोलाद ठिसूळ होतं. पाय देऊन दांडा मागे दाबला की सगळा जोर नेमका तिथेच येतो. आज ना उद्या टाक्याच्या बाजूला केसासारखी रेघ दिसेल. खोबणीला दोन पट्ट्या काढून पात्याच्या पुढून-मागून तीन रिबिटा मारा. जुने लोहार काय वेल्डिंग नव्हतं म्हणून रिबिटा मारायचे असं नाही, त्यांना हे ठाऊक होतं.

पाय द्यायची सळई वेल्डिंगची चालेल, पण तीही पात्याला नको, खोबणीला करा.

---

निवृत्त_ओव्हरसियर

जन्म पाटबंधाऱ्यात गेला, म्हणून ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सांगतो. ३०० फूट सबमेन, दीड फूट खोल, नऊ इंच रुंद धरली तर ३३७ घनफूट, म्हणजे जवळजवळ ३.४ ब्रास. हीच चारी साडेचार इंची केली तर १.७ ब्रास. बरोबर निम्मं. ओलसर काळ्या मातीचा एक ब्रास चार टनांच्या खाली नसतो. म्हणजे तेवढ्या एका सबमेनमागे साडेसहा-सात टन माती उपसायची वाचली. शिवाय तीच परत ढकलायची असते, ते कुणी धरतच नाही. मजुरी चारीच्या फुटावर ठरते आणि कष्ट ब्रासवर होतात, हे आमच्या खात्यातही कुणी मनावर घेतलं नाही.

मात्र खोलीत काटकसर करू नका. रोटाव्हेटर पाच-सहा इंच जातो, पण पुढच्या लागणीला नांगर घालाल तेव्हा तो फूटभर उतरेल. दीड फूट ही कमीत कमी, दोन फूट उत्तम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, पाइपाचे जोड त्या हालचालीत निसटतात. जेवढं खोल तेवढी ही हालचाल कमी. आणि तळ एकसारखा हवा. अर्धगोल उपसणीची कल्पना मला म्हणूनच आवडली, पाइप तळाला बुडापासून टेकतो. फावड्याच्या चारीत पाइप दोन ढेकळांवर तरंगत असतो आणि मधे पोकळी.

---

साक्रीकर

सगळे केळीवाले कौतुक करताहेत म्हणून थोडं धुळ्याकडचंही ऐका. आमच्याकडे वीतभर माती आणि खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. माळावर डाइकच्या (भेगांत लाव्हा गोठून झालेल्या खडकाच्या) भिंती उभ्या आहेत, बघायला या. तुमचं पातं वीतभर जाईल आणि टण्णकन वाजेल. पांझरेच्या काठी फड बागायतीच्या (गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या) पट्ट्यात खोल माती आहे, तिथे चालेल. बाकी साक्री, शिंदखेड्यात टिकावाला पर्याय नाही. ‘खानदेशासाठी अवजार’ असं कुणी म्हणायच्या आत हे लिहून ठेवतो.

---

तापीकाठचा

साक्रीकर, एकदम मान्य. हे काळ्या, गाळाच्या मातीचं अवजार आहे. मुरमात आधी टिकावाने फोडा, उपसणी मात्र तिथेही वापरता येईल, कारण फोडलेला मुरूम अरुंद चारीतून काढणं आणखी अवघड. करून बघा, नळीचं तोंड लवकर झिजेल एवढंच.

@भाता_ऐरण, रिबिटांचं लगेच करतोय. रेघ अजून दिसली नाही, पण तुम्ही म्हणता ती जागा दाबताना लवते खरी.

---

चोपडेकर_पुण्यात

मला जुनी अवजारं शोधायचा नाद आहे, म्हणून थोडी भर.

ही जोडी, म्हणजे अरुंद पातं आणि ओढायची उपसणी, विलायतेत एकोणिसाव्या शतकात सर्रास होती. तिकडे प्रश्न उलटा. शेतातलं जादा पाणी बाहेर काढायला जमिनीत भाजक्या मातीच्या नळ्या पुरायचे. त्यासाठी एकापेक्षा एक अरुंद, खाली निमुळत्या कुदळी-फावड्यांचा संच असायचा. शेवटी हंसासारख्या मानेची उपसणी, तळ नळीच्या गोलाईचा करायला. गडी चारीत उतरायचाच नाही, वरूनच सगळं. तुमच्यासारखंच.

नुसतं ‘चर खोदायचं हाताचं हत्यार’ म्हणून शोधलं तर डेन्मार्कचा लष्करी अधिकारी मॅड्स योहान बुख लिन्नेमान सापडतो. त्याचं १८६९ चं आखूड फावडं शिपायाच्या कमरेला लटकायचं. पुढे बऱ्याच देशांच्या सैन्याने ते उचललं. पण ते आडवं पडून जीव वाचवण्यापुरता खळगा करायला. अरुंद, खोल चारीचं काम त्याचं नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेतला एड माल्झान. ओक्लाहोमा राज्यात पेरी नावाचं गाव आहे, आपल्या फैजपूर-सावद्यासारखं शेतीभातीचं. त्याचे आजोबा जर्मनीतून आलेले लोहार, १९०२ पासून तिथे दुकान. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी नळ आणि गॅस चालला होता. मोठ्या वाहिन्यांना मोठी यंत्रं होती, पण रस्त्यापासून घरापर्यंतची शेवटची चारी प्लंबर लोक टिकाव-फावड्यानेच खोदायचे. ते बघून बाप-लेकांनी वर्कशॉपमध्ये छोटं यंत्र बनवलं, १९४९ मध्ये बाजारात आणलं. तेच पुढे ‘डिच विच’ नावाचं चारी खोदायचं यंत्र. त्यातही मेख माती वर आणण्यातच होती. फिरत्या साखळीला छोट्या बकेटा, त्याच कापतात आणि त्याच माती वर आणून टाकतात. म्हणजे तुमचं पातं आणि उपसणी त्याने एका साखळीवर बसवली म्हणा ना.

---

खरं_बोलू_का

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी झालेलं काम परत केलं. यात शोध कसला? पाइप चिरून दांडा लावला, झालं इनोव्हेशन! उगाच डोक्यावर घेताय.

---

केळीबागवाला

विलायतेत असेल हो, रावेरच्या बाजारात दाखवा एक तरी. मी उद्या घेतो.

---

तापीकाठचा

@खरं_बोलू_का, मी विलायतेतलं बघितलेलं नव्हतं, पण तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. नवीन काय, तर भंगारातला तवा आणि बोअरचा पाइप, चिकण मातीसाठी खाचा, आणि सबमेनच्या मापाचा तळ. गावातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात बनवून देईल. मला तेवढंच हवं होतं. याला शोध म्हणायचं की जुगाड, तुम्ही ठरवा.

---

कायद्याचं_बोला

पेटंटचं विचारलंत म्हणून. मी या क्षेत्रात नोकरी करते, पण हा सल्ला मैत्रीतला समजा.

आपल्याकडे पेटंटला तीन गोष्टी लागतात. नवेपणा, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही अशी पायरी, आणि उपयोग. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(एफ) प्रमाणे माहीत असलेल्या वस्तूंची नुसती नवी जुळवणी शोध ठरत नाही. वर चोपडेकरांनी जे लिहिलंय ते परीक्षकाच्या हाती पहिल्याच फेरीत येईल. पातं अधिक उपसणी असा दावा टिकणार नाही. खाचांच्या रचनेमुळे माती सुटते, हे मोजून दाखवता आलं तर कदाचित काही अरुंद दावा निघू शकतो.

आता मुख्य मुद्दा. अर्ज करायच्या आधी जगजाहीर केलं की नवेपणा जातो. आपल्या कायद्यात यातून सूट फार थोडी आहे, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन वगैरे. हा धागा सगळ्यांना दिसतो, मापांसकट. म्हणजे जे इथे आलं ते आता सार्वजनिक. पुढे एखादी सुधारणा सुचली आणि ती राखायची असेल, तर ती कुठेही टाकण्याआधी तात्पुरता अर्ज करायचा. व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये, मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील. परीक्षणाचे पुढे ४,००० वेगळे. वकिलाचा खर्च याच्या कितीतरी पट. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, पण कुणी नक्कल केली तर कोर्टात जायचं ते आपणच.

दुसरी वाट म्हणजे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, गांधीनगर. २००० साली स्थापन झालेली, प्राध्यापक अनिल गुप्तांच्या हनी बी नेटवर्कमधून उभी राहिलेली संस्था. शेतकरी-कारागिरांच्या शोधांची नोंद ठेवते, योग्य वाटलं तर पेटंटचा अर्जही त्यांच्या वतीने करते. नोंदीला हरकत नाही. शिवाय पालचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्या तालुक्यातच आहे, तिथे प्रात्यक्षिक दाखवा.

---

तापीकाठचा

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. मापं मी समजूनउमजूनच टाकली. मला उलटं विचारायचंय. हे असं उघड पडलं, म्हणजे उद्या कुणी कंपनीवाला यावर पेटंट घेऊन आपल्यालाच बनवायला बंदी घालू शकणार नाही ना?

---

कायद्याचं_बोला

या मापाच्या, या रचनेच्या वस्तूवर नाही. धागा तारखेसकट पुरावा आहे. फोटो मात्र काढून टाकू नका, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

---

मळ्यातली_वहिनी

पुरुष मंडळींनी पाणी, पोलाद, पेटंट सगळं केलं, आता वापरणारीचं ऐका. आमच्याकडे गडी खोदतो आणि माती ओढायला बाया असतात. म्हणजे ही उपसणी दिवसभर बाईच्या हातात राहणार. फोटोतला दांडा बघता तो भाऊंच्या उंचीचा दिसतोय. दांडा छातीच्या वर गेला की ओढताना खांदे उचलावे लागतात, आणि आखूड झाला की वाकून कंबर जाते. पाच फूट उंचीच्या बाईला चारीच्या तळापासून मोजून दांडा छातीपर्यंत यायला हवा. दोन लांबीचे दांडे ठेवा, खोबणीत पाचर मारून बदलता येतील असे.

भरलेल्या नळीचं वजनही बघा. फूटभर नळी ओल्या मातीने शिगोशीग भरली की दोन-तीन किलो सहज, ते लांब दांड्याच्या टोकाला. नळी नऊ इंचाची केली तर खेपा वाढतील, पण मनगट वाचेल. मी नऊच घेईन.

आणि पाय द्यायची सळई चौरस नको, चपट्या पट्टीची करा. शेतात बूट कोण घालतं? स्लिपरमधून सळई रुतते तळव्याला.

---

भाता_ऐरण

वहिनी लाख बोललात. दीड इंची पट्टी, कडा घासून गोल केलेल्या. हे माझ्याही ध्यानात नाही आलं.

---

केळीबागवाला

धोक्याचंही कुणीतरी लिहा. आमच्या शेजारच्या मळ्यात चारी काढताना टिकाव मोटारीच्या केबलवर बसला. थ्री फेज. दांडा लाकडी आणि कोरडा म्हणून माणूस वाचला. हे पातं तर पायाच्या जोराने कापतं, केबल आली तर कळायच्या आत आरपार.

---

निवृत्त_ओव्हरसियर

म्हणूनच दांडा जीआय पाइपाचा कुणी करू नका, कितीही स्वस्त पडला तरी. लाकूडच, आणि तेही वाळलेलं. विहीर किंवा बोअरपासून मोटारीचं पेटीघर कुठे आहे ते बघा, त्या सरळ रेषेला आडवं जाताना स्टार्टर बंद करून मेन फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसत्या स्टार्टरवर भरवसा ठेवू नका.

---

तापीकाठचा

आतापर्यंतच्या सूचना धरून नवं माप असं ठरलं. पातं साडेचार-चार इंच, लांबी चौदा, खाचा दोन. खोबण तीन रिबिटांची. पायपट्टी दीड इंची, खोबणीला वेल्ड. तोंडाला तेलाचं पाणी. उपसणी नऊ इंची, दांडे दोन लांबीचे, लाकडीच. ज्याला हवं त्याने बनवावं, मला विचारायची गरज नाही. कांदेबागाच्या (पावसाळ्यानंतरच्या केळीच्या) लागणीआधी गावात दोन-तीन जोड्या फिरवायच्या आहेत.

---

शहादेकर

आमच्याकडे पपई. पपईला मुळाशी पाणी थांबलं की झाड गेलंच. अरुंद चारी बुजवताना माती नीट दबत नाही, मग पहिल्या पावसात तीच चारी पाट होऊन पाणी झाडाखाली साठतं. हा अनुभव मशीनच्या चारीचा आहे. यावर काही?

---

तापीकाठचा

बरोबर आहे, अरुंद चारीत पाय घालून तुडवता येत नाही. मी तीन थरांत भरतो. आधी पाइपाच्या दोन्ही बाजूंना बारीक भुसभुशीत माती, ढेकूळ एकही नको, हाताने सारायची. मग अर्धी चारी भरून जाड वाशाच्या बुंध्याने ठोकायची. वाशाचं टोक चार इंचात बसेल असं बघा. वरचा थर ठोकून झाल्यावर जमिनीपासून तीन-चार बोटं उंच वरंबा ठेवायचा, तो बसून सपाट होतो. पपईत तर वरंबा थोडा जास्तच ठेवा, आणि पाइपात पाणी भरून जोड तपासल्याशिवाय मधला थर टाकू नका. पुरल्यावर गळती शोधायची म्हणजे परत खोदणं आलं.